जव्हार-मोखाड्यात आरोग्याच्या गरजा शोधायच्या, तर फॉर्म आधी बाजूला ठेवा

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: मुंबईतल्या तुमच्या ट्रस्ट हॉस्पिटलला सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचे, वर्षभराचे पैसे मिळालेत, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांच्या पाड्यांवर आरोग्याच्या गरजांचा सर्व्हे करायचाय, साठ प्रश्नांचा फॉर्म छापून तयार आहे, आणि आता त्यात लोकसहभाग कसा आणायचा? या कामात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते. प्रश्न आधीच ठरवून टाकल्यावर लोकांनी सहभागी कशात व्हायचं? शेवटी सही-अंगठा घेतला की झाला सहभाग, असं मानणाऱ्या रिपोर्टांनी मुंबईतली कपाटं भरली आहेत.

हॉस्पिटलात जे विभाग असतात तेच आजार त्याला गावात दिसतात. डोळेवाले गेले की मोतीबिंदू, हृदयवाले गेले की बीपी. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने दोन गावांतल्या बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दवाखान्यात कोण येतं एवढंच मोजत बसले असते तर हे कधीच दिसलं नसतं. जामखेडला १९७० मध्ये आरोळे हे डॉक्टर दांपत्य गेलं, तर लोकांना आधी हवं होतं पाणी आणि पोटाला अन्न. तुमच्या सर्व्हेतही पाणीच पहिलं आलं तर काय करणार, हे ट्रस्टींना आत्ताच विचारून ठेवा.

आता कोणत्या महिन्यात जायचं ते. भातकापणी आणि दिवाळी उरकली की तिथली घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर निघतात. जानेवारीत गेलात तर पाड्यावर म्हातारी माणसं भेटतील आणि तुमच्या रिपोर्टात गुडघेदुखी पहिल्या नंबरावर येईल. गरोदर बाई असते भट्टीवर. तिचं नाव गावच्या आशाताईच्या रजिस्टरात, आणि भट्टीजवळच्या आशाला ती आहे हेच माहीत नाही. त्यामुळे पावसाळ्यात एकदा पाड्यावर जा, आणि हिवाळ्यात थेट भट्ट्यांवर. सीएसआरवाले मार्चअखेरची घाई करतील; त्यांच्याशी तेवढं भांडावं लागेल.

साठ प्रश्नांऐवजी मी एकच विचारते: घरातलं शेवटचं माणूस आजारी पडलं तेव्हा ते कुठे कुठे गेलं, कुणाच्या गाडीने, किती पैसे लागले आणि ते आणले कुठून? मग मध्ये बोलायचं नाही. भगत, म्हणजे गावचा मांत्रिक, येतो, बाजाराच्या दिवशीचा मेडिकलवाला येतो, सलाईन लावणारा डॉक्टर येतो, मग जव्हारचं सरकारी रुग्णालय, आणि तिथून पुढे पाठवलं तर बहुतेकदा नाशिक. डहाणू-तलासरीकडची माणसं सिल्वासा, वलसाड धरतात. मुंबईचं नाव या वाटेवर क्वचितच निघतं. हे तुमच्या हॉस्पिटलला पचायला जड जाईल, पण कागदावर यायला हवं. शेळ्या कोण बघणार म्हणून बाई दवाखान्यात थांबली नाही, हेही याच उत्तरात निघतं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो.

नवी समिती काढू नका. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तरी असतेच. पेसाची, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याची, ग्रामसभा आहे. लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायची पद्धत, २००७ पासून ज्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यात ठाणे होतं, आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यातच होतं. तिच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकाऱ्यांसमोरच्या जाहीर सभेत, लोकांनी काय काय मांडलं, ते तिथल्या संघटनांकडून आधी ऐका. जिल्ह्याचे आकडे एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहेत, तेच पुन्हा विचारू नका. आशाताईच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. तिचा दिवस घेतलात तर दिवसाचे पैसे द्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी भेटा, शेवटच्या नाही. आणि निष्कर्ष ट्रस्टींच्या आधी ग्रामसभेत वाचून दाखवा. लोक चुका तिथल्या तिथे काढतात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी तुमच्या यादीत आहे, तेव्हा एथिक्स कमिटीची मंजुरी लागेलच. पण त्याहीआधी, ज्यांना आजार निघेल त्यांना त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दर महिन्याला कुठे मिळणार आणि निधी संपल्यावर कोण देणार, हे आरोग्य खात्याशी लेखी ठरवा. तोवर कुणाचं रक्त काढू नका.