2147483647 ही मूळ संख्या आहे हे हाताने कसं दाखवायचं? आणि घात म्हणून मूळ संख्या घेऊन 2 चा तो घात वजा 1 केलं की नेहमी मूळ संख्याच येते का?

दुसरं आधी उरकतो. नाही येत. 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि ती 23 गुणिले 89. संपलं.

पहिला प्रश्न मात्र माझं जुनं दुखणं आहे. ठाण्याला नौपाड्यात एका क्लासमध्ये मी दहावीला गणित शिकवायचो. एक मुलगी म्हणाली, सर, गेममधले कॉइन्स 2147483647 वर अडकलेत, पुढे जातच नाहीत, हा आकडा काय आहे? (32 बिटची मर्यादा, म्हणजे कॉम्प्युटरच्या 0-1 च्या 32 खणांत, एक खण अधिक-वजा चिन्हाला ठेवून, मावणारा सगळ्यात मोठा आकडा, 2 चा 31 वा घात वजा 1, हे तुम्हाला माहीत असणारच.) मी म्हटलं कॉइन्स राहू दे, ही मूळ संख्या आहे आणि 1772 मध्ये गणितज्ञ ऑयलरने ते सिद्ध केलंय, तेही डोळे जवळजवळ गेलेले असताना. झालं, त्या दिवशीची वर्गसमीकरणं राहिली बाजूला.

या संख्येचं वर्गमूळ 46340 च्या पुढे जेमतेम, म्हणजे तिथपर्यंतच्या जवळपास 4800 मूळ संख्यांनी भागत बसायचं, वेड लागेल. पण समजा p या मूळ संख्येने भाग जातो, तर 2 च्या 31 व्या घाताला p ने भागून बाकी 1, मग फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (p विषम मूळ असेल तर 2 च्या p-1 व्या घाताला p ने भागून बाकी 1 च उरते), आणि 31 स्वतः मूळ असल्यामुळे, p-1 ला 31 ने भाग जायलाच हवा, आणि p विषम, म्हणून p = 62k+1 (k कुठलीही पूर्ण संख्या). शिवाय 32 व्या घाताची बाकी 2, म्हणजे p च्या हिशेबात 2 हा वर्ग झाला (2 च्या 16 व्या घाताच्या वर्गाला p ने भागून 2 उरतात), असं फक्त p ला 8 ने भागून 1 किंवा 7 उरत असेल तरच होतं. आता दोन्ही अटींत बसणाऱ्या मूळ संख्या बघा काय उरतात: पहिली 311, मग थेट 1303, मग 1489. शंभरसुद्धा भागाकार नाहीत! 311 चा फळ्यावर केला, बाकी 35. शेवटच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा वहीत 1303 ने भागत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये घेतलं. पालक बोर्डाच्या मार्कांचे पैसे देतात, आणि हे तर कॉम्प्युटर सेकंदात सांगतो म्हणे. अहो, वर्गसमीकरणं पण मोबाईल सोडवतो की, मग त्याची फी कशाला घेता? हे तोंडावर बोललो, बॅच गेली. तुम्ही शिकवत असाल तर पोर्शन मागे पडला तरी हे दाखवाच, आणि शिकत असाल आणि सर 'परीक्षेला नाही' म्हणत असतील तर क्लास बदला सरळ.

आणि हो, 62k+1 हे फक्त 31 साठी. 67 घाताला 134k+1 धरावं लागतं आणि तिथे सगळ्यात लहान अवयवच 193707721 आहे, बसा शोधत. 2024 मध्ये सापडलेली याच प्रकारची मूळ संख्या तर 4,10,24,320 अंकी आहे, तिथे मालकांचं खरं, कॉम्प्युटरशिवाय गत्यंतर नाही.