१२ फुटी ॲल्युमिनियम बोटीत डेक आणि खुर्ची कशी बसवावी?

पुढे उभं राहून गळ टाकायला डेक हवाय ना? मग तो बोटीच्या काठाइतका उंच नेऊ नका. माणूस जितका वर, तितकी बोट डगमगणार. सांगाडा ॲल्युमिनियम अँगलचा, वर १२ मिमी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड), कडांना इपॉक्सीचा, म्हणजे पाणी रोखणाऱ्या राळेचा, थर. प्लाय पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये बघा, पण तांब्याचं औषध मारलेलं लाकूड कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. ओलं झालं की ते ॲल्युमिनियम खातं! स्क्रू स्टेनलेसचे, मध्ये नायलॉन वॉशर. मूळचे बाक मात्र कापू नका, बोटीच्या दोन्ही बाजू त्यांनीच धरलेल्या असतात. बाकांखालचा फोमही राहू द्या, बोट तरंगती ठेवायला तो असतो. फिरती खुर्ची बुटक्या पायाची. पानशेतला बोट उतरवण्याआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीचं विचारून घ्या.