मडक्याचा आवाज

प्रिय पोरी,

रात्री अकराला तुमच्या दोघांच्या प्रदर्शनातल्या कामांचे फोटो आले, तुझ्या मातीचे आणि त्या पोराच्या लोखंडाचे, आणि खाली तुझी एक ओळ: "सर, त्याच्या लोखंडापुढे माझं काम खेळण्यातलं वाटतंय, वरून ग्रॅफाइट चोळू का?" तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण रागात दिलं असतं.

चोळू नकोस.

फोटो तीनदा पाहिले. त्या पोराचं काम चांगलंच आहे. वेल्डिंगचे सांधे त्याने ग्राइंडर फिरवून लपवले नाहीत, म्हणूनच ते अंगावर येतं. आणि तू भट्टीतून तांबूस निघालेल्या तुझ्या सात मातीच्या बायकांना शिसपेन्सिलीचं कातडं चढवायला निघालीस! दोघांनी एकसारखंच दिसायचं असेल, तर दारावर दोन नावं कशाला?

मी हे केलंय, म्हणून एवढा चिडतोय. आमचंही दोघांचंच प्रदर्शन होतं. मित्राचं ब्राँझ, माझी पक्की माती. उद्घाटनाच्या आदल्या रात्री धीर सुटला आणि ब्राँझ पावडर शेलॅकमध्ये, म्हणजे लाखेच्या पॉलिशमध्ये, कालवून पाच मुंडक्यांना फासली. दिव्याखाली झकास दिसली. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, त्यांनी मित्राच्या कामाला टिचकी मारली. सूर लांबत गेला. मग माझ्या मुंडक्याला मारली. खण्ण! "मडकं आहे की हो," म्हणाले आणि हसत पुढे गेले. आता गंमत बघ. तो आवाज उत्तम होता. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून तोच तर ऐकतो. भाजणी जमल्याचा तो पुरावा होता, आणि मला त्याचीच लाज वाटली. संध्याकाळी एका बाईंनी विचारलं, "पितळ का?" मी मान डोलावली, पैसेही घेतले. एव्हाना ती पावडर काळी पडली असेल. कुणाच्या घरात, कोण जाणे.

दायमाबादला १९७४ मध्ये प्राचीन ब्राँझ सापडलं ते तुला ठाऊक आहे: रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. चार नगांचं मिळून साठ किलोंच्या वर वजन. त्याच आपल्या महाराष्ट्रात, घोड नदीकाठी इनामगावला, प्राचीन घराच्या जमिनीखाली एक देवी मिळाली. बिनडोक्याची, सोबत एक बैल. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक, मध्ये काडी घातली की ती बैलावर बसते. आणि माती न भाजलेली! तिला टिचकी मारली तर भुगाच होईल. पण ज्याने ती केली त्याने रथवाल्याकडे बघून तिला चकाकी आणली नाही. काडीचं भोक बोटाएवढ्या ओल्या मातीलाच सुचतं. मला दोन्ही दे म्हटलंस तर मी आधी देवी उचलीन.

मातीला माती राहू दे. वाळताना आणि भाजताना ती साधारण दहा टक्के आखडते. तू तो हिशेब धरून त्या बायकांच्या माना बसवल्यास, एकही तडकली नाही. त्याला पत्रा कापताना हा घोर आहे का? त्याचे घोर वेगळे. त्याचे त्याला.

लोक मला हट्टी म्हणतात. फायबरवर ब्राँझचा रंग मारलेले पुढाऱ्यांचे पुतळे मी नाकारले, बरोबरीच्यांनी त्यावर बंगले बांधले. तुझ्या काकूंनी शिकवण्या घेतल्या म्हणून घर चाललं. मला मोठी कामं मिळाली नाहीत ती सगळी या हट्टापायीच, असं मी पाहुण्यांना सांगतो. तुला खरं सांगतो, निम्मं. उरलेलं निम्मं आळस आणि तोंडाळपणा. तरी तो निम्मा हट्ट मी पुन्हा केला असता. कुणी काहीही म्हणो.

आता कामाचं. वरचे दिवे त्याच्या लोखंडासाठी आहेत, ते चकाकणारच. माती उजेड पिते. तिला बाजूने, खालून हलका दिवा दे, बोटं दिसतील. सातही एका रांगेत मांडू नकोस, बाजारात बसल्यासारख्या दिसतील. दोघी त्याच्या त्या मोठ्या कमानीच्या अगदी आत बसव. त्याला विचारून. नाही म्हणाला तर मला फोन लाव.

टेंपोत पेंढा भरपूर घाल, थर्माकोलवर विसंबू नकोस. सोमवारी सकाळी मी येतोय. आणि त्या तिसऱ्या बाईच्या पाठीवर तुझा अंगठा दाबला गेलाय, फोटोतही दिसतो. तिथे अजून काही चोळलं नाहीस ना?

तुझे सर