वाचकांचे प्रश्न : नेटवर्क लेझर प्रिंटरमधले मॅक्रो आणि फॉन्ट

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात आमचे गुळाचे अडत दुकान आहे. हिशेबपट्टी जुन्या डॉस प्रोग्रॅममधून निघते. तिच्या चौकटी आणि मराठी शीर्षक मॅक्रो (प्रिंटरमध्ये साठवून पुन्हा पुन्हा वापरायचा नमुना) करून नेटवर्क प्रिंटरमध्ये भरले आहे. लाइट गेली की ते पुसले जाते. शिवाय दुसऱ्या संगणकावरून डॉसमधूनच वजनचिठ्ठी छापली, तर तिच्यावरही पट्टीच्या चौकटी येतात. काय करावे?
— एक अडत व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी आहेत. चौकटींचे आधी पाहू. (इथल्या आज्ञा पीसीएल या प्रिंटरच्या आज्ञाभाषेतल्या आहेत; ‘एस्केप’ म्हणजे आज्ञेच्या सुरुवातीचा खास संकेत.) ‘एस्केप &एफ४एक्स’ने मॅक्रो प्रत्येक पानावर आपोआप बसू लागतो आणि कोणी थांबवेपर्यंत बसतच राहतो. पट्टीचे काम संपताना ‘एस्केप &एफ५एक्स’ पाठवा आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीला व शेवटी ‘एस्केप ई’ हा रिसेट द्या. विंडोजमधली पत्रे बहुधा यातून सुटतात, कारण ड्रायव्हर आधी रिसेट पाठवतो. आज्ञेतले ‘एफ’ लहान लिपीत आणि शेवटचे अक्षर मोठ्या लिपीत हवे. ते लहान पडले तर प्रिंटर आज्ञा संपलीच नाही असे धरतो आणि पुढचा मजकूर बिघडतो.

आता पुसले जाण्याचे. मॅक्रो भरण्याचा क्रम असा : ‘&एफ१वाय’ने क्रमांक, ‘&एफ०एक्स’ने सुरुवात, मग नमुना, ‘&एफ१एक्स’ने शेवट आणि ‘&एफ१०एक्स’ने तो कायम; प्रत्येकाआधी एस्केप. असा मॅक्रो रिसेटला टिकतो, वीज गेल्यावर नाही, कारण तो प्रिंटरच्या रॅममध्येच (तात्पुरत्या स्मृतीतच) असतो. कोणी पोस्टस्क्रिप्टमध्ये (प्रिंटरच्या दुसऱ्या आज्ञाभाषेत) छापले तरी तो जाऊ शकतो. प्रिंटरच्या मेनूत ‘रिसोर्स सेव्ह’ (भाषा बदलली तरी भरलेले मॅक्रो जपणारी सोय) असेल तर चालू करा. फ्लॅश किंवा हार्ड डिस्क बसणाऱ्या प्रिंटरमध्ये मॅक्रो तिथे ठेवता येतो. तशी सोय नसेल तर तिच्यामागे लागू नका. मूळ फाईल संगणकावर ठेवा आणि बॅच फाईलने रोज सकाळी, तसेच लाइट आल्यावर पाठवा. आज्ञा ‘कॉपी /बी’ अशीच द्या. ‘/बी’ राहिले तर फाईलमध्ये कंट्रोल-झेडचा बाइट (फाईल संपल्याची डॉसची खूण) येताच कॉपी तिथेच थांबते आणि अर्धाच नमुना पोचतो. पीसीएल ५ न समजणाऱ्या, संगणकावर विसंबून चालणाऱ्या प्रिंटरवर (उदा. एचपी लेझरजेट १०२०) यातले काहीच चालत नाही.

नमुना नव्याने करायचा तर पीसीएल ५ ड्रायव्हरने ‘प्रिंट टू फाईल’ करा. पीसीएल ६ची फाईल मॅक्रोत चालत नाही. मराठी अक्षरे ग्राफिक्स म्हणून छापण्याचा पर्याय निवडा. मग हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट थेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुरुवातीच्या पीजेएल ओळी (छपाईच्या कामाच्या सूचना), दोन्ही टोकांचे रिसेट आणि शेवटचा पान-बदल (हेक्स ०सी) काढा. हे नोटपॅडमध्ये करू नका, बाइट बदलतात. पान-बदल राहिला तर चौकटी एका पानावर आणि आकडे दुसऱ्यावर जातात. ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पूर्ण चित्र म्हणून सुमारे १.१ एमबी, तर ६०० ला चौपट होते. चौकटींना ३०० पुरे.

प्रश्न : मराठी फॉन्टच प्रिंटरमध्ये भरला, तर शेतकऱ्याचे नाव डॉसमधून मराठीत येईल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तुमचा डेटा जुन्या ८-बिट मराठी फॉन्टच्या संकेतांत असेल तर येईल. युनिकोड असेल तर नाही. प्रिंटर एका संकेताला एक आकृती छापतो. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेणे, रेफ वर चढवणे त्याला येत नाही. टीटीएफ (संगणकावरच्या फॉन्टची) फाईल जशीच्या तशी पाठवू नका, पानोपान कचरा निघेल. ती पीसीएल सॉफ्ट फॉन्टमध्ये (प्रिंटरमध्ये भरता येणाऱ्या फॉन्टमध्ये) रूपांतरित करावी लागते. मग ‘एस्केप *सी७डी’ (७ हा फॉन्टचा क्रमांक), त्यामागे फॉन्ट, मग तो कायम करायला ‘एस्केप *सी५एफ’; वापरताना ‘एस्केप (७एक्स’. इथेही मधला ‘सी’ लहान आणि शेवटचे अक्षर मोठे. लाइट गेल्यावर हा फॉन्टही पुन्हा भरावा लागतो, म्हणून तो वरच्याच बॅच फाईलमध्ये मॅक्रोच्या आधी ठेवा.