जुन्या लाकूड-लोडरचा पंप पुन्हापुन्हा बिघडतो. आणखी खर्च करावा की यंत्र भंगारात द्यावे?

तुम्ही लिहिले आहे की खानापूरजवळच्या वखारीसाठी ट्रॅक्टरवर बसवलेला जुना हायड्रॉलिक लोडर विकत घेतला, त्याचा गिअर पंप दोनदा बदलला, तरीही शाफ्टचे सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) पंधरवड्यात जाते, ओंडका उचलून धरला की बूम (ओंडका उचलणारा लोखंडी हात) हळूहळू खाली बसतो आणि बूमवर वेल्डिंग करून भरलेली चीर पुन्हा उघडली आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत पंप आणि सिलिंडर दुरुस्तीचे काम करतो आणि लोंढा, जांबोटी, नंदगड या भागांतील वखारींची यंत्रे आमच्याकडे नेहमी येतात. माझ्या मते यंत्र ठेवावे. मात्र पहिले दोन पंप कशाने गेले हे नेमके सांगता येईपर्यंत तिसरा पंप आणू नये.

सीलपासून सुरुवात करू. पंप उलट्या दिशेने फिरणारा बसवला गेला असता तर सील पहिल्याच दिवशी बाहेर फेकले गेले असते. तुमचे पंधरा दिवस टिकते, म्हणून संशय पंप आणि गिअरपेटी यांच्यामधल्या कपलिंगवर (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागावर) जातो. पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद बाहेर देणारा शाफ्ट) मिनिटाला 540 फेरे देतो आणि गिअरपेटी तो वेग वाढवून पंपाला देते. या वेगात दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील तर सीलची कड एका बाजूने घासत राहते. पंप सैल करून कपलिंग हाताने फिरवून पाहा आणि डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावून फरक मोजा. जुना शाफ्टच पुन्हा वापरला असेल तर सील बसते त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे आणि तिच्यावर कोणतेही सील टिकणार नाही. गिअरपेटीच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा असेल तर आधी तो काढावा लागेल, कारण त्याशिवाय जुळवलेली रेषा चार दिवसांत पुन्हा बिघडते.

दुसरा पंप लवकर जाण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पहिल्या पंपाचा चुरा. पंप झिजतो तेव्हा त्याचे कण टाकीत, व्हॉल्व्हमध्ये आणि नळ्यांमध्ये बसतात. नवा पंप लावून वरून तेल भरले की तेच कण त्याच्या दातांमध्ये येतात. टाकी उतरवून आतून पुसून घ्या (कापडाचे धागे सुटणार नाहीत असे पाहा), सक्शनची (पंप टाकीतून तेल ओढतो त्या बाजूची) जाळी बदला आणि नळ्या धुऊन काढा. सक्शनच्या नळीकडे विशेष लक्ष द्या: आत तारेची गुंडाळी नसलेली साधी रबरी नळी ओढीने आत चेपते, तेल कमी मिळते आणि पंप खरखर आवाज करू लागतो. आपल्याकडे आणखी एक अडचण पावसाची आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर यंत्र उघड्यावर राहिले तर टाकीच्या श्वासनळीतून (हवा ये-जा करण्याच्या तोंडातून) पाणी आत जाते आणि तेल ताकासारखे पांढुरके होते. असे तेल गाळून वापरू नये, बदलूनच टाकावे.

बूम खाली बसण्याचा पंपाशी संबंध नाही. लिव्हर मधल्या स्थितीत असताना पंपाचे तेल बूम उचलणाऱ्या सिलिंडरकडे जातच नाही, म्हणून नवा पंप लावून ही तक्रार जाणार नव्हती. फिटर बहुतेक वेळा लगेच सिलिंडर खोलतात, पण झिजलेल्या स्पूलमधूनही (लिव्हरने सरकणाऱ्या, तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्हमधल्या दांड्यामधूनही) तेवढेच तेल सुटू शकते. बूम जमिनीवर टेकवून, दाब काढून, त्याच्या नळ्या शेजारच्या स्पूलला जोडून पाहा; बसणे थांबले तर दोष व्हॉल्व्हचा, तसेच राहिले तर सिलिंडरचा. सिलिंडर खोलावाच लागला तर नवे सील जुन्या सीलच्या मापाने घेऊ नका, कारण ते फुगलेले किंवा दबलेले असते. पिस्टनवरच्या खाचेची रुंदी आणि खोली मोजून द्या. गळती शोधताना नळीवर हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा, कारण सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडीखाली शिरते आणि त्यावर लगेच शस्त्रक्रिया करावी लागते.

बूमची चीर मला पंपापेक्षा जास्त गंभीर वाटते, कारण तिच्याखाली माणसे उभी असतात. चिरेत मुरलेले तेल आणि रंग न जाळता वरून भरलेले वेल्डिंग तिच्या कडेने पुन्हा तडकते. चिरेची टोके शोधून तिथे छिद्रे पाडावीत, मग ती पूर्ण खोलीपर्यंत ग्राइंडरने उघडावी, जागा गरम करावी आणि 7018 या प्रकारच्या वेल्डिंग रॉडने भरावी. हे रॉड दमट हवेत ओल धरतात आणि ओल्या रॉडने घातलेली जोड तडकण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यात हे काम करायचे असेल तर रॉड भट्टीत भाजूनच वापरणारा वेल्डर पाहा. आधाराची पट्टी बूमला आडवी, चौकोनी टोकांची लावली गेली असेल तर ती काढून निमुळत्या टोकांची लावा, कारण चौकोनी टोकाशी ताण एकवटतो आणि पुढची चीर तिथेच सुरू होते.

यंत्र ठेवावे असे मी म्हणतो ते पिनांची भोके आणि बूमचा सांगाडा सरळ आहेत असे गृहीत धरून. भोके लांबट झाली असतील तर ती भरून एका रेषेत बोअर करून घ्यावी लागतील, आणि बुश (भोकात पिनेभोवती बसणारी नळी) पिनेपेक्षा मऊ धातूचा ठेवावा, म्हणजे झीज स्वस्त भागाची होईल. बूम पिळलेला असेल किंवा गिअरपेटीचे आवरण तडकले असेल तर मी पुढे पैसे घालणार नाही. व्हॉल्व्ह आणि सिलिंडर काढून ठेवून बाकीचे मोडीत घालीन.

नवा पंप लावण्याआधी जुना रिटर्न फिल्टर (टाकीत परतणारे तेल गाळणारा) कापून त्याची घडी उलगडून पाहा. चुंबकाला चिकटणारे बारीक कण पंपाच्या दातांचे किंवा सिलिंडरच्या नळकांड्याचे असतील, पिवळसर चकाकणारे कण बुशचे, आणि काळे रबरी तुकडे नळीच्या आतल्या थराचे किंवा सीलचे. जे सापडेल ते आणि कपलिंगचे माप इथे लिहा. त्यावरून कोणता भाग आधी घ्यायचा ते सांगता येईल.