ठराव झाला तरी लायसन्स मिळालंच कसं? लेकीचा प्रश्न बरोबर आहे

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. गोव्यातल्या डिचोलीकडचा तुमचा गाव, ग्रामसभेत हाउसिंग प्रोजेक्टविरुद्ध ठराव झाला, तरी पुढे बांधकामाचं लायसन्स मिळालंच, आणि तेव्हापासून बारावीतली लेक म्हणतेय मला लॉ करायचंय. तुमचं म्हणणं, त्यापेक्षा पंचायत सचिवाची सरकारी नोकरी बरी.

मला विचाराल तर तिला लॉ करू दे. गावाने नको म्हटलं तरी पंचायत गप्प कशी, हा तिचा प्रश्न साधा नाहीय. पंचायतीला कायद्याने जेवढं दिलंय तेवढंच तिच्या हातात. 73व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत 29 विषय आले, लोकांना वाटतं ते सगळे पंचायतीचे झाले, पण कलम 243-जी एवढंच म्हणतं की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार देऊ शकतं, आणि आपल्याकडे नेमके किती दिलेत ते 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्यात शोधावं लागतं. जमिनीचा झोन बदलायचा तर तो 1974 च्या नगर नियोजन कायद्याचा विषय, तिथे ग्रामसभेचा हात पोचत नाही.

आता फाइलीचंच बघा. बिल्डरकडे सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करायची परवानगी आहे, टाउन प्लॅनिंगची टेक्निकल क्लिअरन्स आहे, आणि पंचायतीने नुसतं 'ग्रामस्थांचा विरोध' लिहून लायसन्स नाकारलं तर तो अपिलात जातो आणि तो नकार टिकणं कठीण. तेच ठरावात लिहिलं असतं की प्लॅनवर दाखवलेली रस्त्याची रुंदी जाग्यावर नाही, सांडपाण्याची सोय नाही, ओहोळ बुजतोय, आणि सोबत फोटो-मोजणी जोडली असती, तर त्याला वजन आलं असतं. एवढं लिहून देणारं माणूस गावात नसतं म्हणून चांगले ठराव वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

बारावीनंतर 5 वर्षांचं बीए एलएलबी, मिरामारला साळगावकर कॉलेज आहे, मडगावला कारे. मग बार कौन्सिलची नोंदणी, ऑल इंडिया बार परीक्षा. पहिली काही वर्षं सीनियरकडे कमाई बेताचीच असते हे आधीच धरून चला. पण पंचायत संचालनालयातली अपिलं, पर्वरीच्या हायकोर्टातल्या रिट याचिका, हे काम गोव्यात कमी होणार नाही. आणि सचिवाची वाटही बंद होत नाही, लॉची पदवी घेऊनही तिथे अर्ज करता येतो, फक्त कोकणी पक्की हवी.

तोवर सुट्टीत एक करा, तुमच्या नावाने माहिती अधिकारात 10 रुपये भरून त्या लायसन्सची फाइल मागवा, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, आणि कायद्याचं पुस्तक शेजारी ठेवून तिला ती वाचू दे. कंटाळली तर मला परत लिहा, दुसरं काहीतरी बघू.