रॅपमध्ये कॉपी करणाऱ्याला ‘बाइटर’ का म्हणतात? जुन्या काव्यशास्त्रात असं खाण्याचं काही आहे का?

आहे की, भरपूर आहे, आणि त्यातलं काही जेवताना वाचू नये असं आहे.

आधी रॅपचं बघू. दुसऱ्याची ओळ किंवा स्टाइल उचलली की ती ‘बाइट’ केली, म्हणजे चावली, आणि आपल्या ओळी म्हणायच्या त्याला ‘स्पिट’ करणं, म्हणजे थुंकणं. ऐकायला घाण वाटतं, पण आपल्या दंडीने, म्हणजे जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने, ‘काव्यादर्श’ या ग्रंथात चक्क लिहून ठेवलंय की थुंकलेलं, ओकलेलं असले शब्द लाक्षणिक अर्थाने आले तर अतिसुंदर, एरवी ग्राम्य. ग्रीकांचं तर विचारूच नका, गॅलाटन नावाच्या चित्रकाराने होमर ओकतोय आणि बाकीचे कवी ते गोळा करतायत असं चित्र काढल्याचं ईलियन हा जुना लेखक सांगतो. ग्रीक नाटककार एस्किलस त्यामानाने सभ्य, माझी नाटकं म्हणजे होमरच्या मेजवानीतले तुकडे आहेत असं तो म्हणायचा म्हणे.

मला खरी गंमत वाटते ती उष्ट्याची. ‘व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्’ म्हणजे सगळं जग व्यासांचं उष्टं, आणि तुकोबा तर ‘संतांची उच्छिष्टें बोलतों उत्तरें’ म्हणून मोकळे होतात, तिथे उष्टं म्हणजे प्रसाद. रॅपमध्ये तेच केलं की इज्जत गेली, कारण तिथे दोन रॅपर समोरासमोर उभे राहून भांडतात आणि स्वतःची ओळ हेच हत्यार असतं, ते उसनं आणून कसं चालेल. (बीट, म्हणजे मागे वाजणारा ताल, मात्र दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून कापून घेतलेली चालते, तो वेगळाच विषय.)

पण खाणं हा गुन्हा नाहीच, न पचवणं हा आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या ८४व्या पत्रात हेच सांगतो, अन्न पोटात जसंच्या तसं पडून राहिलं तर ओझं, बदललं तर रक्त आणि ताकद, वाचलेल्याचंही तसंच. वक्तृत्व शिकवणारा रोमन क्विंटिलियनही म्हणतो की वाचलेलं नीट चावून चावून मऊ झाल्याशिवाय अनुकरणाला घेऊ नका. म्हणजे चावायला ना नाही, गिळायची घाई नको.

न पचल्याचं उदाहरण हवं तर १९७९ चं ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅप गाणं घ्या. त्यात बिग बँक हँक या रॅपरने ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या ओळी अशा उचलल्या की कॅझच्या ‘कॅसानोव्हा’ या नावाचं स्पेलिंगसुद्धा तसंच म्हणून टाकलं, घास तोंडातून अख्खा बाहेर! आणि त्याच गाण्यात एक कडवं मित्राकडच्या भिकार जेवणावर आहे, ज्यात चिकन लाकडासारखं लागतं.